पन्नास रुपयांच्या गेमची कुळकथा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, गाव कुठलंही घ्या; पंधरा वर्षांमागे तिथल्या रिचार्जच्या दुकानात एक कळकट कॉम्प्युटर असायचाच, आणि त्यात ‘गेम’ नावाचं फोल्डर. ते उघडलं की गेमची नावं दिसत नसत, आकडे दिसत : १२८×१२८, १२८×१६०, १७६×२२०, २४०×३२०. फोनच्या पडद्यांची मापं ती. पोरं चिप काढून देत आणि सांगत, “अण्णा, गाणी थोडी कमी, गेम जास्त घाला.” अण्णा फोनवर एक नजर टाकून बरोबर मापाचं फोल्डर उघडत. दहा-वीस रुपयांत चिप भरून मिळे. त्यात क्रिकेटचा गेम हमखास असे, आणि तो सुरू होताना पडद्यावर कधी ‘इंडियागेम्स’ हे नाव क्षणभर चमकून जाई. बटण दाबून आपण ते पुढे ढकलत असू.

ज्या गेमची अधिकृत किंमत पन्नास रुपयांपासून नव्याण्णवपर्यंत असे, तो असा जवळजवळ फुकट आमच्या खिशात येई. त्याचं कूळ मात्र लांबचं आहे.

मूळपुरुष अमेरिकेतली अटारी. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ साली ती काढली. अल अल्कॉर्न या इंजिनिअरने ‘पाँग’ बनवला. सनीवेलच्या एका दारूच्या गुत्त्यात ते यंत्र ठेवलं, तर काही दिवसांत बंद पडलं. तपासलं तेव्हा कळलं, नाण्यांचा डबा ठासून भरला होता. धंद्याचं गमक तिथेच दिसलं : खेळणाऱ्याने पैसा टाकावा आणि तो पैसा थेट आपल्या डब्यात पडावा. १९७६ मध्ये वॉर्नर कंपनीने अटारी २.८ कोटी डॉलरला घेतली. पुढे घराघरांत टीव्हीला जोडायचं यंत्र गेलं, नाण्याच्या जागी कॅसेट आली. मग घाई नडली. १९८२ चा ‘ई.टी.’ हा गेम जेमतेम पाच आठवड्यांत उरकलेला, त्याचे ढीग विकले गेले नाहीत. १९८३ मध्ये कंपनी पन्नास कोटी डॉलरहून जास्त तोट्यात गेली आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ साली लोकांनी तो उकरून काढला, त्या कॅसेटी आता संग्रहालयांत आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे गेम खऱ्या अर्थाने पोहोचला तो नोकियाच्या सापासोबत. १९९७ चा तो साप फोनमध्येच आलेला, फुकट. विकतचा गेम त्यानंतरचा, आणि त्या धंद्यात आपल्याकडे जी कंपनी लवकर उतरली, ती विशाल गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत काढलेली इंडियागेम्स. कारगिलचे दिवस होते. त्यांचा ‘आय लव्ह इंडिया’ गाजला. मोठ्या ब्रँडांच्या जाहिरातींसाठी गेम करून देण्याचंही काम होतं. पण जम बसला तो जावावर चालणाऱ्या फोनच्या काळात. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागे. आज ‘शुभ सकाळ’चा एक फोटो त्याहून जड असतो! शिवाय प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, त्यामुळे एकच गेम कित्येक मॉडेलसाठी पुन्हा पुन्हा शिवावा लागे. अण्णांच्या कॉम्प्युटरवरची आकड्यांची फोल्डरं म्हणजे त्या कष्टाचीच उतरंड.

कंपनीला भाव आला. चीनच्या टॉम ऑनलाइनने मोठा हिस्सा घेतला, मग सिस्को आणि मॅक्रोमीडिया आल्या, २००७ मध्ये यूटीव्ही, आणि २०११-१२ च्या उलाढालीत सगळं डिस्नेकडे गेलं. ब्रूस लीपासून ‘क्रिकेट टी-२० फीव्हर’पर्यंतचे गेम तिच्या नावावर आहेत.

पण इथे नाण्यांचा डबा कंपनीच्या ताब्यात नव्हता. पैसे कापले जात ते ग्राहकाच्या बॅलन्समधून, म्हणजे मोबाइल कंपनीच्या हातून, आणि त्यातला मोठा वाटा ती स्वतःकडे ठेवी. निजामाच्या राज्यात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते, सोलापूरकडून माल आणायचा तर आधी नाक्यावर पैसे मोजा. तसाच हा प्रकार. आमच्या भागात तर नाक्यालाही सीमा आडवी आली. १९५६ ला बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद म्हैसूरकडे गेले, आणि टेलिकॉमची सर्कलं पुढे त्याच रेषेवर आखली गेली. सीमेवरच्या शेतात फोनने पलीकडचा टॉवर धरला की रोमिंग लागे. तिथला माणूस नेट चालू करून पन्नासचा गेम उतरवील, ही अपेक्षाच चूक होती. तीसच्या रिचार्जवर आठवडा काढणाऱ्याच्या बॅलन्समध्ये पन्नास रुपये असतच नसत.

म्हणून ‘पायरसीने भारतीय गेम बुडवले’ हे पालुपद मला पटत नाही. अण्णांचं गिऱ्हाईक कंपनीचं गिऱ्हाईक कधीच नव्हतं. नाका मोडला तो वेगळ्याच कारणांनी. २००८ मध्ये ॲपल आणि गूगल, दोघांनी आपापली ॲपची दुकानं थाटली, आणि पुढे स्वस्त स्मार्टफोन आल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळलं. २०१३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय बॅलन्स कापण्याला चाप लावला; न मागता सुरू होणाऱ्या सेवांना लोक विटले होतेच. नव्या दुकानात गेम फुकट आणि स्पर्धा जगाशी. गोंडल २०१३ मध्ये बाहेर पडले, आणि काही वर्षांत डिस्नेने इथला गेमचा धंदाच गुंडाळला. मालकांच्या दृष्टीने कंपनी वेळेवर विकली गेली, तेव्हा तिला बुडाली म्हणणं अन्यायाचं होईल. गोंडल यांनी पुढे गोकी ही कंपनी काढली आणि २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांच्या एनकोअरचा ‘फौजी’ हा गेम आला.

बुडाले ते गेम. अटारीच्या कॅसेटी निदान पुरलेल्या होत्या, म्हणून उकरता आल्या. ६४ केबीची फाइल कुठे पुरणार? मोबाइल कंपन्यांची जुनी पोर्टलं बंद झाली, अधिकृत प्रत मिळण्याची दारं मिटली. २०१६ मध्ये जिओ आलं आणि चिप भरून घ्यायला कोणी येईना. अण्णांनी तो कॉम्प्युटर भंगारात घातला, त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. जे काही शिल्लक आहे ते बरंचसं चोरून भरलेल्या चिपांमध्ये, आणि ते वाचवायला कुणाची परवानगी नाही, पण गरज आहे.

तेव्हा घरात कपाटाच्या तळाशी जुना नोकिया किंवा सॅमसंग पडला असेल, तर बॅटरी फुगण्याआधी त्याची चिप काढा, कार्ड रीडरला लावा आणि ‘जार’ शेपटीच्या फाइली कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. आजच्या अँड्रॉइड फोनवर ‘जे२एमई लोडर’ नावाचं फुकट ॲप आहे, त्यात त्या चालतात. या वेळी सुरुवातीचं नाव बटण दाबून पुढे ढकलू नका, कंपनी कुठली ते लिहून ठेवा.