स्पिनचा प्रवाह आणि पुराव्याचा प्रश्न

विद्युतप्रवाहातील इलेक्ट्रॉन स्पिनच्या दृष्टीने दोन गटांत मोडतात. तांब्याच्या तारेत दोन्ही गट समसमान असल्यामुळे हा भेद जाणवत नाही; लोह, कोबाल्ट अशा लोहचुंबकांत मात्र एका गटाचे पारडे जड असते. या असमानतेचा उपयोग करून प्रवाह कमीजास्त करता येतो, हे १९७५ साली फ्रान्समध्ये मिशेल ज्युलिएर यांनी लोह-जर्मेनियम-कोबाल्ट या संधीवर दाखवले. दोन्ही चुंबकांच्या दिशा समांतर आहेत की नाहीत, यावर मधल्या पातळ थरातून पार होणारा प्रवाह बदलतो. ४.२ केल्विन तापमानाला हा फरक सुमारे १४ टक्के होता. खोलीच्या तापमानाला तो ठळकपणे दिसायला १९९५ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये जगदीश मूडेरा (हे मद्रास आयआयटीचे पीएच.डी.) आणि जपानमध्ये तेरुनोबु मियाझाकी यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या थराने ते साधले.

धातूंचे जमले, तरी संगणकाची चिप अर्धवाहकाची असते. सुप्रियो दत्त व बिस्वजित दास यांनी १९९० मध्येच स्पिनवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली होती. अडचण २००० साली स्पष्ट झाली. अर्धवाहकाचा रोध धातूच्या मानाने इतका मोठा असतो, की धातूतील दोन गटांच्या रोधांमधला फरक एकूण हिशेबात नगण्य ठरतो आणि पलीकडे जाणारा प्रवाह पुन्हा समसमान होतो. यावर दोन उपाय होते : मध्ये टनेलिंगचा थर घालणे, किंवा अर्धवाहकच चुंबकीय करणे.

दुसऱ्या उपायाला २००१ मध्ये जोर आला. जपानी गटाने टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये थोडे कोबाल्ट मिसळले. तयार झालेला थर पारदर्शक होता आणि खोलीच्या तापमानालाही चुंबकीय होता. जगभर एकच धांदल उडाली.

या धांदलीत मेरिलँड विद्यापीठातील एक गट होता आणि त्यात सतीशचंद्र ओगले होते. त्यांची जडणघडण पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातली. तेथे १९८७ च्या सुमारास डॉ. वि. गो. भिडे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी द्रवात ठेवलेल्या घनपृष्ठावर लेसरचे झटके देऊन अस्थिर संयुगे गोठवण्याचे काम केले होते. मेरिलँडलाही थर लेसरनेच बसवले जात. २००३ मध्ये या गटाने कोबाल्टमिश्रित टिन ऑक्साइडमध्ये दर कोबाल्ट अणूमागे सुमारे ७.५ बोर मॅग्नेटॉन एवढे चुंबकत्व नोंदवले. कोबाल्ट धातूत ते १.७ च्या आसपास असते. आकडा डोळे दिपवणारा होता.

पण चुंबकत्व दिसले म्हणजे प्रवाहातील इलेक्ट्रॉनही एका स्पिनचे झाले, असे होत नाही. कोबाल्ट नीट न मिसळता त्याच्या बारीक गुठळ्या झाल्या असतील, तर चुंबकत्व त्या गुठळ्यांचे असेल आणि प्रवाह त्यांना वळसा घालून साधाच वाहत असेल. म्हणून विसंगत हॉल परिणाम ही कसोटी मानली जाई : हॉल विभव चुंबकत्वाच्या मागोमाग बदलला, तर प्रवाह व चुंबकत्व यांचा संबंध आहे, असे धरत.

२००४ च्या वसंतात कोबाल्टमिश्रित रुटाइलवर दोन निबंध आले. जपानी गटाने हॉल परिणाम वाहक-इलेक्ट्रॉनांच्या संख्येबरोबर बदलतो, असे दाखवून चुंबकत्व अंगभूत असल्याचे म्हटले. मेरिलँडच्या शिंदे, ओगले व सहकाऱ्यांच्या थरांतही हा परिणाम होता. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कोबाल्टच्या नॅनोमीटर आकाराच्या गुठळ्या सापडल्या. अर्थात, गुठळ्या असतानाही कसोटी पार होते, मग ती एकटी पुरेशी कशी? ज्या गटाने स्वतः अशा द्रव्यांवर डाव लावला होता, त्यानेच हे छापले. माझ्या मते २००३ च्या मोठ्या आकड्यापेक्षा हे काम जास्त मोलाचे आहे, जरी परीक्षेत पहिलेच विचारले जाते.

मग उरला थेट मार्ग, म्हणजे ज्युलिएरचाच : या द्रव्याची संधी करून पाहणे. २००५ मध्ये जपानी गटाने ती केली. १५ केल्विनला रोधात सुमारे ११ टक्के फरक मिळाला. तापमान वाढवले तसा तो घटत गेला आणि खोलीचे तापमान येण्याआधीच मावळला.