शब्दवेध : केर्न

इंग्रजीतला ‘केर्न’ स्कॉटलंडच्या डोंगरांतून आला. मूळ गेलिक शब्द ‘कार्न’, म्हणजे दगडांची रास. वेल्शमधला त्याचा सख्खा भाऊ ‘कार्नेध’. उत्तर वेल्समध्ये तर ‘कार्नेधाय’, म्हणजे ‘राशी’, याच नावाची डोंगररांग आहे. तिच्यातल्या १,०४४ मीटर उंच कार्नेध दाविधच्या माथ्यावर ब्राँझयुगातल्या राशी आजही आहेत.

अशा राशीखाली बरेचदा दगडी पेटी सापडते : चार उभ्या फरश्या, वर झाकणाची एक. आत गुडघे पोटाशी घेतलेला देह, नाहीतर जाळलेली हाडं आणि मातीचं एखादं भांडं. वरचा प्रत्येक दगड कुणीतरी हातानं उचलून ठेवलेला. ‘तुझ्या कार्नवर मी दगड ठेवीन’, असं गेलिकमध्ये म्हणतात. तुला विसरणार नाही, हा त्याचा अर्थ. इतकी माया असलेला वाक्प्रचार मला दुसरा आठवत नाही.

आपल्याकडेही नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली दफनाची शिळावर्तुळं आहेत. कडेनं मोठे धोंडे, आत दगडमातीची भर. धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली या खळग्यांचं स्कॉटलंडमधल्या खळग्यांशी असलेलं साम्य नोंदवलं. साम्य म्हणजे नातं नव्हे. दोन्हींच्या काळातही मोठं अंतर आहे.

परत वेल्सकडे वळू. तिथल्या काही राशी गिर्यारोहकांनी उकरून वाऱ्यापासून आडोसे केलेत. ते थांबायलाच हवं.