प्रोस्टेटचा त्रास आणि वनौषधी: कशाचा किती उपयोग, धोका कुठे?

रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, झाल्यावरही पूर्ण झाली असे न वाटणे. पन्नाशीनंतर पुरुषांना असा त्रास होत असेल, तर त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ. अनेकजण लाजेपोटी डॉक्टरांकडे जात नाहीत आणि मोबाईलवर आलेला एखादा काढा सुरू करतात. त्यातले काय उपयोगी आहे, ते पाहू.

प्रोस्टेट वाढते म्हणजे काय?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रनलिका तिच्या मधून जाते, त्यामुळे ग्रंथी वाढली की नलिका दाबली जाते. ५१ ते ६० वयाच्या जवळपास निम्म्या पुरुषांत आणि ८० नंतर सुमारे ९० टक्क्यांपर्यंत ही वाढ आढळते. त्रास मात्र सगळ्यांना होत नाही. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण दोन्हींची लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी गरजेची.

दापोडीची औषधी बाग

दापोडी म्हटले की आज एसटीची कार्यशाळा आठवते. पण १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले होते. पुढे शल्यचिकित्सक डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक झाले. दापोडी आणि जुन्नरकडील हिवरे इथल्या बागांतून सरकारी औषध भांडाराला औषधी वनस्पती पुरवल्या जात. दापोडीच्या झाडाफुलांची एका भारतीय चित्रकाराने काढलेली चित्रे आजही एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत.

त्या काळी पाश्चात्त्य वैद्यकात मूत्राशयाच्या त्रासावर खुरासानी ओव्याचा अर्क देत. आज आपल्याला माहीत आहे की त्यातली द्रव्ये मूत्राशयाचे स्नायू सैल करतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्यामुळे पूर्ण अडूही शकते. धोतऱ्यातही तीच द्रव्ये असतात. म्हणजे औषध वनस्पतीचे आणि जुने आहे, एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

कोणत्या वनस्पतीबद्दल काय माहीत आहे?

- सॉ पाल्मेटो: अमेरिकेतल्या एका बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क. जगात सर्वाधिक खपणारे आणि सर्वाधिक तपासलेले हे औषध. २००६ मध्ये २२५ पुरुषांवरच्या वर्षभराच्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. २०११ मध्ये ३६९ पुरुषांना तिप्पट मात्रेपर्यंत देऊन पाहिले, तरी निकाल तोच.
- भोपळ्याच्या बिया: जर्मनीत १,४०० हून अधिक पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली. बिया खाणाऱ्यांना थोडा जास्त आराम वाटला, पण बियांच्या अर्काच्या कॅप्सूलचा उपयोग दिसला नाही. खाणे म्हणून बिया चांगल्या, औषध म्हणून फार अपेक्षा नको.
- बीटा-सिटोस्टेरॉल: अनेक वनस्पतींत आढळणारे द्रव्य. चार लहान चाचण्यांत लक्षणे आणि धार दोन्ही सुधारली. ग्रंथीचा आकार मात्र कमी झाला नाही, आणि चाचण्या काही महिन्यांच्याच होत्या.
- पायजियम: आफ्रिकेतल्या एका झाडाची साल. मध्यम फायदा दिसला, पण चाचण्या छोट्या होत्या. सालीसाठी इतकी तोड झाली की या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले.
- वायवर्णा, गोखरू, पुनर्नवा, कांचनार: आपल्याकडे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वनस्पती. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या बारा प्रकारांत 'वाताष्ठीला' येते. अनेक वैद्य तिची तुलना प्रोस्टेटच्या वाढीशी करतात. गोक्षुरादी गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी ही औषधे त्यासाठी दिली जातात. परंपरा जुनी असली, तरी वरच्यासारख्या मोठ्या चाचण्यांचा आधार त्यांना अजून नाही. गोखरू आणि पुनर्नवा लघवी वाढवणाऱ्या मानल्या जातात. त्यामुळे संध्याकाळी घेतल्यास रात्रीच्या फेऱ्या वाढू शकतात.

मग शेजारच्या काकांना गुण कसा आला?

२०११ च्या त्याच चाचणीत सॉ पाल्मेटो घेणाऱ्यांचा लक्षणांचा गुणांक सरासरी २.२० ने उतरला, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचा २.९९ ने! हा त्रास मुळातच कमी-जास्त होत राहतो, आणि औषध घेतल्याचा दिलासाही काम करतो. म्हणून काकांचा अनुभव खोटा नसतो, पण श्रेय काढ्याचे असेलच असे नाही. शिवाय, बरे वाटले म्हणजे मूत्राशय पूर्ण रिकामे होते आहे असे नाही. तळाशी लघवी साठत राहिली, तर संसर्ग, खडे आणि शेवटी किडनीला इजा होऊ शकते, तीही फारशी जाणीव न होता.

खरेदीपूर्वी हे पाहा

- 'प्रोस्टेट बरा करण्याची हमी' अशी जाहिरात करणेच बेकायदा आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या यादीत प्रोस्टेट ग्रंथीचे विकार स्पष्ट लिहिलेले आहेत.
- अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. परवाना क्रमांक आणि घटक नसलेली पुडी घेऊ नका.
- रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर काढा, चूर्ण, गोळी सगळे डॉक्टरांना सांगा.

औषधाविना काय करता येते?

झोपण्यापूर्वी दोन तास पाणी कमी प्या, पण दिवसभराचे तोडू नका. संध्याकाळनंतर चहा, कॉफी, दारू टाळा. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, म्हणून त्या विचारूनच घ्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

लघवी पूर्ण अडली, लघवीतून रक्त आले, थंडी वाजून ताप आला, किंवा नकळत लघवी गळू लागली, तर वेळ घालवू नका. लघवी अडणे ही तातडीची वेळ आहे, त्यावर काढा पाजत बसू नये.

एरवीही एकदा लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि पीएसए, आणि लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते हे पाहणारी सोनोग्राफी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. दापोडीकरांना पिंपरीतले महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ आहे. जाण्यापूर्वी तीन दिवस, किती वाजता आणि साधारण किती लघवी झाली, ते वहीत लिहून ठेवा. उपचार ठरवताना डॉक्टरांना या नोंदीचा मोठा उपयोग होतो.