‘दिसला नाही’ या नोंदीची कुळकथा

नागपूर जिल्ह्यातील तलावांवर पट्टकादंब हंस कोणत्या आठवड्यांत आढळतात आणि कोणत्या आठवड्यांत आढळत नाहीत, हे आज ई-बर्ड या संकेतस्थळावरील एका तक्त्यावरून समजते. त्या तक्त्यात प्रत्येक महिन्याचे चार याप्रमाणे वर्षाचे 48 भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागातील हिरव्या पट्टीची जाडी त्या काळातील आढळाचे प्रमाण दाखवते. हा तक्ता संगणकावर तयार होत असला तरी त्याचे कूळ संगणकाहून बरेच जुने आहे, आणि त्या कुळातील सर्वांत मोलाची भर नोंद करण्याच्या एका शिस्तीने घातली आहे.

या कुळाच्या आरंभी तारखांची वही आहे. अमेरिकेत वेल्स कुक यांनी 1881 साली, हंगामात कोणता पक्षी प्रथम केव्हा दिसला आणि शेवटचा केव्हा दिसला, याच्या नोंदी स्वयंसेवकांकडून मागवण्यास आरंभ केला आणि 1970 पर्यंत चाललेल्या त्या उपक्रमात सुमारे 60 लाख कार्डे साठली. नागपुरात 1863 साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्याचे, अभिरक्षक ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी 1935 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. अशा प्रादेशिक यादीवरून एखादी जात त्या काळी त्या मुलखात होती हे निश्चित कळते. परंतु निरीक्षक कुठे, केव्हा आणि किती वेळ हिंडला हे तिच्यावरून कळत नसल्याने, यादीत नसलेला पक्षी खरोखरच नव्हता की कोणाच्या दृष्टीस पडला नाही, हा प्रश्न अनिर्णितच राहतो.

दुसरी शाखा कड्यांची. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेनसन यांनी 1899 साली क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी पक्ष्यांच्या पायात घालण्यास सुरुवात केली आणि भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1927 पासून ही पद्धत अवलंबली. पुढे 1960 च्या सुमारास, स्थलांतरित पक्षी रोगवाहक गोचिड्या घेऊन येतात काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हे काम पुष्कळ वाढले. कडीमुळे एकाच पक्ष्याची ओळख पटते, मात्र तो पुन्हा हाती लागला तरच. आणि तेव्हाही प्रवासाची दोन टोके कळतात, मधला मार्ग कळत नाही. तो मार्ग दाखवणारे उपग्रहसंलग्न प्रक्षेपक फार नंतर आले आणि त्यांच्या साहाय्याने पट्टकादंब हिमालय ओलांडताना 7,290 मीटर उंचीपर्यंत गेल्याची नोंद झाली.

भारतात वही आणि महाजाल यांची गाठ 2007 साली ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमाने घातली. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राने ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकाच्या सहकार्याने तो सुरू केला होता आणि हिवाळी पाहुण्यांच्या काही निवडक जाती प्रथम केव्हा दिसल्या, हे त्यात कोणालाही कळवता येत असे. चातकासाठी त्यात स्वतंत्र मोहीम होती. दक्षिण भारतात वर्षभर राहणारा हा पक्षी मध्य आणि उत्तर भारतात पावसाळ्याच्या तोंडावर येतो. नागपूरच्या अभ्यासकाला येथे ‘मेघदूत’ आठवणे स्वाभाविक आहे, कारण वा. वि. मिराशी यांनी त्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेकच, असे साधार मांडले आहे. काव्यात आषाढाच्या मेघाजवळ चातक बोलतो आणि राजहंस मेघाच्या सोबतीने कैलासाकडे निघतात. राजहंस म्हणजे पट्टकादंब असे मानले, तर या भागातील पट्टकादंब आषाढाची वाट न पाहता उन्हाळा चढू लागताच परततात, चातकाची वेळ मात्र काव्यातल्याप्रमाणेच जुळते.

‘प्रथम केव्हा दिसला’ या नोंदीत एक खोट असते: पाहणारे वाढले की पहिली तारीख आपोआप अलीकडे सरकते, पक्षी लवकर आलेला नसला तरी. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी यांनी 2002 साली सुरू केलेल्या आणि 2010 साली जगभर खुल्या झालेल्या ई-बर्डने ही खोट दूर करण्याचा मार्ग घालून दिला. तेथे ठिकाण, सुरुवातीची वेळ, कालावधी आणि चाललेले अंतर नोंदवावे लागते आणि शेवटी, ओळखता आलेल्या सर्व जाती या यादीत आल्या आहेत काय, असा प्रश्न असतो. उत्तर होकारार्थी असेल तर तिला पूर्ण यादी म्हणतात, आणि तीत नसलेली प्रत्येक जात त्या वेळी त्या ठिकाणी ‘दिसली नाही’ अशीही नोंद ठरते. एखाद्या आठवड्यातील 20 पूर्ण याद्यांपैकी 5 मध्ये पट्टकादंब असेल, तर आढळाचे प्रमाण 25 टक्के. भारतात 2013 पासून दर फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या गणनेमुळे त्या दिवसांत याद्यांचा पूर येतो; निव्वळ आढळ मोजले तर फेब्रुवारीत सगळेच पक्षी वाढल्याचा भास होईल, प्रमाण काढल्यास तो होत नाही. अवघ्या एका प्रश्नाने सामान्य निरीक्षकाच्या फेरफटक्याला शास्त्रीय मोजणीची योग्यता दिली, हे या साऱ्या इतिहासातील विशेष गौरवाचे पान आहे.

जुन्या वह्यांनाही या व्यवस्थेत स्थान आहे. तारीख आणि ठिकाण ठाऊक असले, परंतु किती वेळ पाहिले हे ठाऊक नसले, तर ती नोंद ‘ऐतिहासिक’ या वर्गात घालता येते. विदर्भासाठी ही सोय महत्त्वाची आहे, कारण अंबाझरी आणि गोरेवाडा यांसारख्या शहरालगतच्या तलावांवर निरीक्षक वारंवार जातात, तर गडचिरोलीच्या अंतर्भागात क्वचितच कोणी पोहोचते. पुरेशा याद्या असूनही पक्षी आढळला नसेल, तर तक्त्यात त्या आठवड्याची जागा कोरी राहते. याद्याच अपुऱ्या असतील, तर तेथे करडी छटा येते.