भिवंडीचे डोंगर आणि पत्रक ४७ ई/३

भिवंडीच्या उत्तरेस दुगाड, गणेशपुरी आणि वज्रेश्वरीच्या अंगाने पसरलेल्या रानाळ, डोंगराळ मुलखात डिसेंबर १७८० मध्ये मराठे व इंग्रज यांच्यात लढाई झाली आणि तीत रामचंद्र गणेश कानडे कामी आले. त्या काळी या डोंगरांची उंची मोजणारी कोणतीही शास्त्रशुद्ध पाहणी झालेली नव्हती. दोन ठिकाणांमधील अंतर काटेकोर मोजून, पुढची स्थाने केवळ कोनांवरून ठरवत जाणारी त्रिकोणमितीय पाहणी विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली.

मुंबई इलाख्यात १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीने झालेली महसुली मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. तिला शेताची हद्द आणि जमिनीची प्रत हवी होती, कड्याची उंची नव्हे, त्यामुळे गावनकाशात बांध नेमके उतरले तरी डोंगराचा उठाव मात्र उतरला नाही. ती उणीव स्थलनिर्देशक नकाशांनी भरून काढली. १८२७ पासून निघालेल्या ‘अ‍ॅटलास ऑफ इंडिया’त डोंगर उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघांनी दाखवले जात, त्या दिसायला देखण्या, पण त्यांवरून उंची वाचता येत नसे. १९०५ नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने मैलास एक इंच प्रमाणाची रंगीत पत्रके हाती घेतली आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषांना त्यांत मुख्य स्थान मिळाले. या योजनेत अक्षांश-रेखांशांच्या चार-चार अंशांच्या चौकटीला एक क्रमांक मिळून पुढे तिचे विभाग पडत गेले. भिवंडी व वज्रेश्वरी ही दोन्ही ४७ ई/३ या पत्रकात येतात, तर कळसूबाई ४७ ई/१० मध्ये. दशमान पद्धती आल्यावर प्रमाण १:५०,००० झाले आणि रेषांमधील अंतर २० मीटर.

तथापि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा संरक्षणाच्या कारणास्तव प्रतिबंधित असल्याने भिवंडीकरांना आपल्याच डोंगरांचे पत्रक सहजी विकत मिळत नसे, हा प्रकार विचित्रच म्हणावा लागेल. कारण अमेरिकी लष्कराने १९५५ च्या सुमारास काढलेली १:२,५०,००० प्रमाणाची भारताची पत्रके पुढे परदेशी ग्रंथालयांतून कोणालाही पाहता येत होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी व लष्करी मालिका वेगळ्या केल्या, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिक व संस्था यांच्यासाठी नकाशानिर्मितीची पूर्वपरवानगीची अट काढून टाकली.