२९९: कुठला कन्सोल घ्यायचा, या प्रश्नाचा इतिहास

नेहमीसारखा हा एपिसोड थोडा साफसूफ करून इथे लिहून टाकतोय. ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे गाळलेत. राहिलेले गोड मानून घ्या.

झालं असं की मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. बारावी संपली, सुट्टीत त्याने काम करून थोडे पैसे साठवले, उरलेले मावशी घालणार. “दादा, पीएस फाइव्ह घेऊ, एक्सबॉक्स घेऊ की स्विच? तू कम्प्युटरवाला आहेस. एकच काय ते सांग.”

मी लगेच लॅपटॉप उघडून तुलनेचा तक्ता करायला बसलो. प्रोसेसर, मेमरी, फ्रेम रेट, सगळं. अर्धा तक्ता झाला आणि थांबलो. कारण असाच तक्ता १९९५ मध्ये एखाद्या अमेरिकन मुलाने केला असता, तर त्याने चुकीचं मशीन घेतलं असतं. आजची गोष्ट त्या मुलाची.

पण सुरुवात १९९१ पासून करायला लागेल. तेव्हा घरातला व्हिडिओ गेम म्हणजे निन्टेन्डो किंवा सेगा. सोनी टीव्ही आणि वॉकमनवाली. सोनीत केन कुतारागी नावाचे इंजिनियर होते. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉममध्ये आवाजाची जी चिप होती, ती त्यांच्या डोक्यातून आलेली. त्यातूनच पुढचा बेत ठरला: निन्टेन्डोच्या मशीनला सीडी जोडायची, आणि सोनीने स्वतःचंही एक मशीन काढायचं, जे निन्टेन्डोच्या कॅसेट आणि सीडी दोन्ही चालवेल. जून १९९१ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने हे जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने जाहीर केलं की आम्ही सीडीचं काम फिलिप्सबरोबर करतोय.

लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर नवरदेवाने दुसरीकडे टिळा लावून घ्यावा, तसं झालं. कारण सरळ होतं. करारात सीडीवरच्या गेम्सचे हक्क सोनीच्या हातात जात होते, आणि निन्टेन्डोला ते नको होतं. सोनीत बरेच जण म्हणत होते की हा गेमचा धंदा सोडूनच देऊ. पण अध्यक्ष नोरिओ ओगा आणि कुतारागी मागे हटले नाहीत. १९९३ मध्ये सोनीने गेमसाठी वेगळी कंपनी काढली आणि ३ डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये प्लेस्टेशन विकायला आणलं. त्याच्या अकराच दिवस आधी, २२ नोव्हेंबरला, सेगाचा सॅटर्न बाजारात आला होता.

आता या ११ मे १९९५ वर. लॉस एंजेलिस, पहिलंवहिलं ई-थ्री प्रदर्शन. अमेरिकेत सॅटर्न सप्टेंबरमध्ये येणार असं आधीच सांगून झालं होतं. सेगा अमेरिकेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की स्टेजवर आले आणि म्हणाले, सप्टेंबर कशाला? सॅटर्न आजपासूनच दुकानात आहे. किंमत ३९९ डॉलर.

ऐकायला काय भारी वाटतं ना? पण हा निर्णय जपानच्या मुख्य कंपनीचा होता, आणि माल सगळ्या दुकानांना पुरेल इतका नव्हता. तो निवडक साखळी दुकानांनाच दिला होता. ज्यांना मिळाला नाही ते भडकले. केबी टॉइज या खेळण्यांच्या मोठ्या साखळीने तर सेगाचा माल ठेवायचंच बंद केलं. त्याहून मोठी गडबड म्हणजे बाहेरच्या कंपन्या सप्टेंबर धरून गेम बनवत होत्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे मशीन मेमध्ये आणि गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्याच दिवशी सोनीचं सत्र होतं. अमेरिकेतल्या सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख स्टीव्ह रेस माइकपाशी आले, “२९९” एवढंच बोलले आणि जाऊन बसले. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट.

शंभर डॉलरचा फरक. तेव्हा डॉलर साधारण ३१-३२ रुपयांना होता, म्हणजे तीन हजारांच्या वर. तेवढ्यात त्या मुलाचे दोन गेम आले असते.

आता माझ्या आवडीचा भाग. खोकं उघडून बघू.

सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन मुख्य प्रोसेसर होते, आणि चित्र, आवाज वगैरेसाठी आणखी चिप्स वेगळ्या. प्लेस्टेशनमध्ये मुख्य प्रोसेसर एकच, सुमारे ३४ मेगाहर्ट्‌झचा, आणि मेमरी २ एमबी. कागदावर कोण जिंकलं? सॅटर्न. पण ते दोन प्रोसेसर मेमरीकडे एकाच वाटेने जायचे. एका शेगडीवर दोन आचारी ठेवले तर जेवण दुप्पट वेगाने होत नाही. एक जण पळी हातात धरून उभा राहतो. दोघांना सतत कामाला लावायचं तर प्रोग्रॅमर कसलेला लागायचा. शिवाय सॅटर्न त्रिमितीय आकार चौकोनांतून बनवायचा, आणि बाकी जग त्रिकोणांकडे चाललं होतं. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याकडे नेणं म्हणजे डोकेदुखी.

सोनीने काय केलं? लायब्ररी दिल्या, सी भाषेत काम करायची सोय दिली. रोज दुसऱ्याचं डॉक्युमेंटेशन वाचून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, यात काय सुख आहे ते आम्हालाच कळतं. तीन महिन्यांत काहीतरी पळतं करून दाखवायचं असेल, तर कोडर सोपी वाट धरणार. गेम तिकडे गेले, आणि गेमच्या मागे माणसं गेली.

मग निन्टेन्डो कुठे होतं? ते १९९६ मध्ये निन्टेन्डो ६४ घेऊन आलं आणि सीडीऐवजी कॅसेटवरच राहिलं. कॅसेटचे फायदे खरे होते. गेम झटकन सुरू व्हायचा, ‘लोडिंग’ बघत बसायला लागायचं नाही, आणि नक्कल करणं अवघड. पण ‘सुपर मारिओ ६४’ हा अख्खा गेम ८ एमबीत बसवलेला, आणि सीडीत मावायचे सुमारे ६५० एमबी. वर कॅसेट बनवणं महाग आणि वेळखाऊ. गेम कंपनीला पैसे आधी भरून माल मागवावा लागायचा. खपला नाही तर गोडाऊन भरलेलं. सीडी स्वस्तात आणि पटकन छापून मिळायची, म्हणून छोट्या कंपनीलाही काहीतरी वेगळं करून बघायची हिंमत व्हायची.

स्क्वेअर ही जपानी कंपनी वर्षानुवर्षं निन्टेन्डोसाठी ‘फायनल फँटसी’ बनवत होती. सातवा भाग त्यांच्या डोक्यात इतका मोठा होता की कॅसेटमध्ये बसणं शक्य नव्हतं. जानेवारी १९९७ मध्ये तो आला प्लेस्टेशनवर, तीन सीडींवर. अनेकांनी त्या एका गेमसाठी मशीन घेतलं.

शेवटचा हिशोब: प्लेस्टेशन १० कोटींच्या वर, निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाख, सॅटर्न एक कोटीच्या आत. सेगाने १९९८ मध्ये जपानमध्ये ड्रीमकास्ट आणला. मशीन छान होतं, पण दुकानदार, गेम कंपन्या, गिऱ्हाईक सगळेच दुधाने तोंड पोळलेले. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने सांगितलं की यापुढे आम्ही मशीन बनवणार नाही. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी वाचवायला स्वतःची खासगी संपत्ती सेगाला देऊन टाकली आणि त्याच मार्चमध्ये ते गेले. हे वाचलं तेव्हा मला सॅटर्नची चेष्टा करावीशी वाटेना.

आणि तो अमेरिकन मुलगा? मे १९९५ मध्ये ३९९ डॉलर देऊन सॅटर्न घेणारा? तो मूर्ख नव्हता. त्याने बहुतेक सोनिकवाल्या कंपनीवर विश्वास ठेवला. दुकानात जे होतं ते घेतलं. आपण मशीन घेतो तेव्हा एक भिशी लावत असतो: पुढची पाच-सहा वर्षं इतर लोकही यात पैसे घालतील, यावर. बाकीचे निघून गेले की आपला हप्ता अडकतो. त्या लोकांचं काय ठरणार आहे, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

आता थोडं साताऱ्याचं बोलतो. हे रेकॉर्ड करताना दोनदा कट केलं होतं, पण ठेवतोय.

२००६ ची दिवाळी. मी नऊ वर्षांचा. वर्गातल्या एकाकडे पीएस टू होता आणि मी घरी वर्षभर टुमणं लावलेलं. बाबा एमआयडीसीत कामाला. बोनस झाला आणि ते पुण्याहून एक मोठं खोकं घेऊन आले. करड्या रंगाचं, गोल झाकणाचं, अगदी पहिल्या प्लेस्टेशनसारखं. मी बटण दाबून झाकण उघडलं. आत सीडीची जागाच नव्हती. कॅसेट घालायची खाच होती.

मी म्हणालो, “हे डुप्लिकेट आहे.” बाबा म्हणाले, “दुकानदार तर म्हणाला तेच आहे.” मग त्यांनी खिशातून बिल काढलं, बघितलं आणि परत खिशात ठेवलं. आई काही बोलली नाही. मी दोन दिवस त्या खोक्याला हात लावला नाही.

ते खोकं नक्की काय होतं, हे मला इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. टुकार गेम्सनी दुकानं भरलेली. अटारीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. २०१४ मध्ये तिथे खणलं तेव्हा त्या खरंच निघाल्या. त्याच १९८३ च्या जुलैत जपानमध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉम आणला. किंमत १४,८०० येन, आठ बिटचा प्रोसेसर, कामाची मेमरी फक्त २ केबी. तो इतका चालला की पुढे त्याच्या नकला जगभर निघाल्या. नंतर तर अख्खा फॅमिकॉम एकाच चिपमध्ये बसवायला लागले आणि वर काळ्या लुकणाचा ठिपका. भारतात अस्सल फॅमिकॉम क्वचितच कोणी पाहिला असेल, पण ‘९९९९ इन वन’ची पिवळी कॅसेट फुंकर मारून कोणी घातली नाही? माझं डुप्लिकेट प्लेस्टेशन म्हणजे तो १९८३ चा फॅमिकॉम होता.

तिसऱ्या दिवशी ताईने ‘कॉन्ट्रा’ लावला आणि मी जाऊन बसलो. मग बाबा. दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला यायचे, जेवायचे आणि म्हणायचे, “लाव तो रणगाड्याचा.” तो म्हणजे ‘बॅटल सिटी’, १९८५ चा. विटांच्या भिंती, दोन रणगाडे, आणि खाली जपायचा एक गरुड. बाबा कधी पुढे जायचेच नाहीत. गरुडाशेजारी उभे राहायचे. “तू जा पुढे, मी इथे बघतो.” तीन वर्षं आम्ही ते खेळलो. एका कंट्रोलरची वायर तुटली, तेव्हा बाबांनीच सोल्डर केली. ‘हे डुप्लिकेट आहे’ या वाक्याबद्दल मी त्यांना अजून सॉरी म्हटलेलं नाही. ते हा पॉडकास्ट ऐकतात. म्हणून इथेच: बाबा, सॉरी.

बरं, परत मावसभावाकडे. मी त्याला मशीनचं नाव सांगितलं नाही. तीन प्रश्न पाठवले.

एक, तुला खेळायचेच आहेत असे पाच गेम लिही, आणि ते कुठे मिळतात बघ. ‘येणार आहेत’ असे गेम धरायचे नाहीत. सॅटर्नवाल्याने तेच केलं होतं.

दोन, खोक्यानंतरचा खर्च मांड. गेम, सबस्क्रिप्शन, सगळं. सीडी घालायची सोय नसलेलं मशीन थोडं स्वस्त पडतं, पण मग जुनी डिस्क अर्ध्या किमतीत घेणं आणि खेळून झाल्यावर विकणं, दोन्ही बंद. कॅसेट की सीडी, हा १९९६ चा प्रश्न नाव बदलून आजही दुकानात उभा आहे.

तीन, तुझ्याबरोबर कोण खेळणार? मित्रांकडे काय आहे ते विचार. आणि घरात कोण खेळणार तेही.

त्याचं उत्तर आलं: “पाचातले चार गेम एकाच मशीनवर आहेत. मित्रांकडेपण तेच. पण घरात कोण खेळणार? मम्मीला कुठे येतं!”

मी लिहिलं: “दुसरा गेम घेण्याआधी दुसरा कंट्रोलर घे.”

त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवलाय. घेतलं की नाही, अजून माहीत नाही.

तर मंडळी, तुमचं पहिलं मशीन कुठलं होतं आणि दुसरा कंट्रोलर कोणाच्या हातात असायचा, ते आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. निवडक आवाज पुढच्या भागात लावू. तोपर्यंत कॅसेटवर फुंकर मारा, आणि भेटू पुढच्या एपिसोडला.