कुर्ल्याची मोटार

परगावी राहणाऱ्या मराठी माणसाला एक सवय जडलेली असते. रस्त्यावर एखादी मोटार दिसली की त्याची नजर प्रथम तिच्या नंबरपाटीवर जाते. पाटीवर ‘एमएच’ ही अक्षरे असली तर पुढचा आकडा वाचून ही गाडी मुंबईची, पुण्याची की नागपूरची, याचा हिशेब तो मनातल्या मनात मांडतो आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहतो. गाडीतील माणसे आपल्या ओळखीची नसतात, मराठी असतीलच असेही नाही; तरीही क्षणभर गावाकडची झुळूक अंगावरून गेल्यासारखे वाटते.

पाटीवरून गाडीचे गाव कळते, तिची जन्मभूमी मात्र कळत नाही. आपले मंडळ स्थापन झाले त्या काळात देशाच्या कोणत्याही शहरात ज्या मोजक्या मोटारी दिसत, त्यांतील एका मोटारीचा जन्म मुंबईतील कुर्ला येथे झालेला असे, मग तिच्या पाटीवर कोणत्याही प्रांताची अक्षरे असोत. त्या मोटारीस ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले ते १९७४ साली. म्हणजे आपले मंडळ आणि ते नाव जवळजवळ समवयस्क होत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी त्या मोटारीची कथा सांगणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये. ही कथा दोन प्रश्नांची आहे. मोटार कोणी बनवायची, हा पहिला प्रश्न. आणि ती कशी चालवायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने झुंज दिली. दुसरा अद्याप आपल्यापुढे उभा आहे.

स्वप्न आणि अडथळे

मोटार मुंबईत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. परंतु पुढील अर्धशतक ती परदेशी पाहुणीच राहिली. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्ड कंपनीनेही भारतात आपले बस्तान बसविले. या कारखान्यांत खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडून गाडी उभी केली जाई. काम करणारे हात भारतीय असत, पण मोटार घडविण्याची विद्या समुद्रापलीकडेच राहत असे.

ही विद्या या देशात आणावी, असा ध्यास प्रथम घेतला तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता झालेल्या आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या पुरुषास महाराष्ट्र परका नव्हता. १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखाने स्वतः पाहून त्यांनी मुंबईत मोटारींचा कारखाना काढण्याची सविस्तर योजना तयार केली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. परंतु १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो आधार तुटला. पुढे म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा प्रयत्न झाला. साम्राज्य सरकारच्या असहकारामुळे तोही फसला.

या योजनेत विश्वेश्वरय्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या या गृहस्थांनी घरच्या पेढीवर न रमता लक्ष्मणराव फाटक यांच्यासमवेत रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ केला. बोरघाटातील बोगद्यांची कामे त्यांनी केली. १९१९ साली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून इंग्लंडला पाठविण्यात त्यांचा पुढाकार होता. १९४० साली बंगळूर येथे विमानांचा आणि १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना त्यांनी उभारावयास घेतला. आकाश आणि समुद्र यांची तजवीज लागली, राहिला होता तो रस्ता. युद्धकाळात सरकारने मोटारधंद्याला आवश्यक उद्योगाचा दर्जा नाकारला, तरी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास डॉज, प्लिमथ आणि डीसोटो या नावांच्या गाड्या तेथून बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास बिर्ला घराण्याची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी ओखा बंदराहून कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे स्थलांतर करून पुढे ‘अॅम्बॅसडर’ घडविण्याच्या वाटेस लागली होती.

कुंपणातील रोपटे

वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने मोटारधंद्याविषयी आपला अहवाल दिला. ज्यांना येथे मोटार खऱ्या अर्थाने घडवावयाची आहे त्यांनीच धंद्यात राहावे, नुसते भाग जोडणाऱ्यांनी निघून जावे, असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले कारखाने आवरले. विश्वेश्वरय्यांनी मागितलेले संरक्षण अखेर मिळाले होते.

कुर्ल्याच्या कारखान्याने इटलीच्या फियाट कंपनीशी हातमिळवणी केली होती. १९५४ पासून तेथे ‘फियाट ११००’ ही गाडी तयार होऊ लागली. एक-एक करीत तिचे भाग देशातच बनू लागले आणि त्या भागांचा पुरवठा करणारे छोटेमोठे कारखाने मुंबई-पुण्याच्या परिसरात उभे राहिले. ‘११०० डिलाइट’ ही सुधारलेली गाडी साठीच्या दशकात आली. इटालियन कंपनीशी असलेला करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास तिचे नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ साली चितोडच्या राणीचे नाव तिला देण्यात आले. कागदोपत्री ती पद्मिनी झाली खरी, पण लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. सासरचे नाव पालटले तरी माहेरची हाक सुटू नये, तसाच हा प्रकार!

तिचे यंत्र १,०८९ घनसेंटिमीटरचे होते. गिअरचा दांडा स्टिअरिंगला जोडलेला असल्यामुळे जुन्या गाड्यांत पुढचे आसन सलग बाकासारखे असे आणि लहान मूल दोघांच्या मध्ये सहज सामावे. थंडीच्या सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. घाटात पाणी उकळले की बॉनेट उघडून तिला विसावा द्यावा लागे. खंडाळ्याच्या चढावर अशा गाड्यांची रांग आणि शेजारी पाण्याचे डबे घेऊन उभी असलेली मंडळी हे नित्याचेच दृश्य होते. वळताना दिव्याबरोबर खिडकीतून हातही बाहेर येई. बिघाड झाला तर कोणत्याही तालुक्याच्या गावी ती दुरुस्त करणारा मिस्त्री भेटे, कारण तिच्या पोटात काय आहे हे साऱ्या देशाला पाठ झाले होते. मुंबईत तर काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी म्हणजे हीच, असे समीकरण झाले. टपावर वळकट्या आणि ट्रंका बांधलेल्या अशाच टॅक्सीतून दादर किंवा बोरीबंदर स्टेशन गाठून आपल्यापैकी कितीजणांनी दूरदेशीच्या नोकरीसाठी गाव सोडले असेल! महाराष्ट्राचा शेवटचा निरोप आपण घेतला तो बहुधा तिच्याच खिडकीतून.

परंतु इतिहास लिहावयाचा तर केवळ गोडवे गाऊन चालत नाही. कुंपण रोपट्याच्या रक्षणासाठी घातले होते. रोपट्याची उंची वाढली नाही, तरी कुंपण तसेच राहिले. सत्तरीच्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाकाठी पन्नास हजार मोटारीही तयार होत नसत. परवाने सरकारच्या हाती होते. १९६९ साली किमतींवरही कायदेशीर नियंत्रण आले आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अधिक गाड्या काढण्यास वाव नाही आणि असलेल्या गाड्या सुधारण्यास स्पर्धेची टोचणी नाही, अशा दुहेरी कोंडीत कारखाना सापडला. गिऱ्हाईक तर त्याहून अगतिक होते. अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी, नंबर लागला की त्याचा आनंद पेढे वाटून साजरा करावा, आणि घाई असेल तर वर ‘ऑन’ देऊन दुसऱ्याचा नंबर विकत घ्यावा, अशी परिस्थिती होती. मुलाच्या जन्मवर्षी नोंदविलेली गाडी त्याच्या मुंजीला मिळाली, असा विनोद त्या काळी होत असे. त्यात विनोद किती आणि वस्तुस्थिती किती, हे ज्येष्ठ सभासदच जाणोत. १९५४ साली नवी असलेली गाडी थोड्याफार फेरफारांनी तीस वर्षे विकली जात होती. यात दोष एकट्या कारखान्याचा नाही, एकट्या सरकारचाही नाही. संरक्षण किती काळ द्यावे आणि त्याच्या बदल्यात काय मागावे, हे ठरवायचे राहून गेले, हीच त्यातील खरी चूक.

कुंपण उघडले तेव्हा

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती उद्योगाची ‘८००’ ही पहिली मोटार दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या साह्याने तयार झालेली ही गाडी लहान, हलकी आणि विश्वासू होती. थोड्याच वर्षांत तिने रस्त्यांचे रूप पालटून टाकले. कुर्ल्यानेही हातपाय हलविले. १९८५ साली निस्सान कंपनीचे यंत्र बसविलेली ‘११८ एनई’ ही गाडी आली. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी झाली. परंतु वेळ निघून गेली होती. १९९१ नंतरच्या खुल्या बाजारात हा सारा खटाटोप तोकडा पडला आणि शतक सरता सरता पद्मिनीचे उत्पादन थांबले. ज्या परिसरात भोंग्याच्या आवाजावर हजारो कामगारांचा दिवस उगवत असे, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत.

रस्त्यावर मात्र ती आणखी वीस वर्षे टिकली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतळावरून कायमची गेली.

मग वालचंदांचे स्वप्न विफल झाले काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. ३० डिसेंबर १९९८ रोजी पुण्याच्या टाटा कारखान्याची ‘इंडिका’ बाजारात आली. भारतीय कंपनीने स्वतःची नवी मोटार विकसित करावी, ही गोष्ट तिने प्रत्यक्षात आणली. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात आज देशोदेशींच्या गाड्या आणि त्यांचे भाग घडतात. कुर्ल्याची जुनी सहकारी फियाटदेखील पुढे पुणे जिल्ह्यातील रांजणगावी येऊन स्थिरावली. यंत्रावर हात बसलेला कामगार, सुटे भाग घडविणारा लहान कारखानदार आणि गावोगावचा मिस्त्री, ही सारी मनुष्यसंपदा एका दिवसात उगवत नाही. तिची पहिली पेरणी कुंपणाच्या आतच झाली होती. रोपटे खुजे राहिले, पण जमीन तयार झाली.

दुसरा प्रश्न

येथे आरंभीचा दुसरा प्रश्न पुढे येतो. २०२३-२४ या एका वर्षात देशात ४२ लाखांहून अधिक प्रवासी मोटारगाड्या विकल्या गेल्या. पेढे वाटण्याचे दिवस गेले. आज पसंत केलेली गाडी बहुधा काही दिवसांत दारात येते. रस्तेही बदलले. २००२ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने घाटातील ती वाफाळणारी रांग इतिहासजमा केली. आता आपल्यापैकी अनेक कुटुंबे गणपतीला किंवा दिवाळीला स्वतःच्या गाडीने हजार-दीड हजार किलोमीटरचा पल्ला गाठून गावी जातात. आगगाडीच्या आरक्षणाची चिंता नाही, वाटेत हवे तेथे थांबता येते. सुख खरेच आहे.

पण या सुखाची किंमतही पाहिली पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पादचारी होते, ज्यांच्यापाशी वाहनच नव्हते. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. सुमारे ५०,००० मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, तर १६,७१५ जणांनी आसनाचा पट्टा बांधलेला नव्हता. यातील कोणत्याही गोष्टीसाठी परदेशी करार नको, परवाना नको, भांडवल नको. पट्टा गाडीतच असतो. मागच्या आसनावरही असतो. तो ओढून खटका बसविण्यास दोन क्षण पुरतात.

पद्मिनी संथ होती, आणि तिच्या संथपणाने आपल्या कितीतरी चुका पोटात घातल्या. पट्टा नसला, मूल मांडीवर असले, रात्रभर जागून गाडी हाकली, तरी निभावून जाई. नेहमीच निभावले असे नाही, पण वेग कमी असल्याने पुष्कळदा निभावले. आजची वेगवान गाडी तशी क्षमाशील नाही. गाडी नवी आली, सवयी मात्र जुन्याच राहिल्या. आजच्या अपघातांचे एक मोठे मूळ येथे आहे. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, असा जुना नियम आहे. ज्याला अधिक कष्ट पडत आहेत त्याच्यासाठी आपण थांबावे, एवढाच त्याचा अर्थ. तो घाटात पाळायचा तसा शहरातील झेब्रा पट्ट्यांवरही पाळला, तर पायी चालणाऱ्या त्या बत्तीस हजारांतील कितीतरी माणसे घरी परततील.

मोटार बनविण्याची विद्या मिळविण्यास या देशाला विश्वेश्वरय्यांच्या पहिल्या योजनेपासून इंडिकापर्यंत सहा दशकांहून अधिक काळ लागला. ती चालविण्याची विद्या मिळविण्यास तेवढा काळ घालविणे आपल्याला परवडणारे नाही. येत्या सणाला मंडळातील जी कुटुंबे गावाकडे गाडीने निघतील, त्यांनी पहाटे निघावे, रात्री मुक्काम करावा आणि निघण्यापूर्वी मागे बसलेल्या आजीलाही पट्टा बांधावा. गावी कोणीतरी वाट पाहत असते. गणपतीची आरती थोडी उशिरा झाली तरी चालते. आरतीला सारी माणसे मात्र हवीत.